पावती, फोटोपास, परिशिष्ट-दोन : मुंबईत आपल्याला घराचा पुरावा कोण मागतो?

गोवंडीच्या एका वस्तीत बुद्धविहाराच्या बाहेरच्या भिंतीवर परिशिष्ट-दोनची यादी लागली होती. झोपडपट्टी पुनर्वसन ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही यादी वेगळी सांगायला नको. अनुक्रमांक, झोपडीधारकाचे नाव, क्षेत्रफळ, सादर केलेले पुरावे, आणि सगळ्यात उजवीकडच्या रकान्यात एकच शब्द : पात्र किंवा अपात्र. लोक बोट फिरवत आपले नाव शोधत होते. एक मावशी माझ्याजवळ आल्या. फोटोपास सासूच्या नावावर, लाईटबिल वारलेल्या नवऱ्याच्या नावावर, मतदार यादीत आडनावाचा काना उडालेला. शेरा अपात्र. त्या रडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "दादा, चाळीस वर्षं मी हितं राहिले ते कुणालाच दिसलं नाय का?"

मी कागद गोळा करणारा कार्यकर्ता. अर्ज लिहितो, हरकती दाखल करतो, सुनावणीला सोबत जातो. पण या प्रश्नाचे उत्तर अर्जात मावत नाही. दिसलो नाही असे कधीच झाले नाही. मुंबईच्या महापालिकेला आपण गेली सव्वाशे वर्षे रोज पहाटे दिसतो. तिला आपले हात दिसतात. पत्ता मात्र तिने कधीच सहजासहजी मानला नाही. ही माझी तक्रार नाही, हा नोंदलेला इतिहास आहे, आणि तो आपल्या पोरांना माहीत नसल्यामुळे बिल्डरचा एजंट "साहेबांनी घर दिलं" म्हणतो तेव्हा आपण टाळ्या वाजवतो.

सुरुवात १८९६ पासून करू. त्या वर्षीच्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला. पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसे शहर सोडून पळाली. पालिकेची माणसे घराघरांत घुसू लागली. उजेड यावा म्हणून छपराची कौले काढली, भिंतींवर चुना मारला, आणि कित्येक खोल्यांच्या दारावर तीन इंग्रजी अक्षरे रंगवली : यू. एच. एच. अर्थ असा की ही जागा माणसांनी राहण्यास नालायक आहे. त्या खोलीत राहणाऱ्या माणसाने उद्या कुठे राहायचे, हे त्या तीन अक्षरांत नव्हते.

याच काळातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ऑक्टोबर १८९६ मध्ये पालिका आयुक्त पी. सी. एच. स्नो यांनी रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलवण्याचा अधिकार जाहीर केला, आणि महिना संपायच्या आत तो हुकूम सौम्य करावा लागला. का? शहरात घबराट होती हे खरे, पण स्नो यांच्या अहवालात एक भीती स्पष्ट नोंदलेली आहे : हलालखोर आणि झाडूवाले घाबरून शहर सोडून गेले तर मुंबई उरणार नाही. गिरणीमालक गेले तर चालतील, वकील-डॉक्टर गेले तर चालतील, मैला उचलणारा गेला तर शहर बुडेल, हे ब्रिटिश आयुक्ताला कळले होते. कायद्यालाही कळले होते. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात चक्क 'हलालखोर कर' नावाचा कर होता. शहर एका जातीच्या नावाने कर वसूल करत होते, आणि त्या जातीच्या माणसाने रात्री कुठे झोपायचे याची जबाबदारी घेत नव्हते. समाजशास्त्राच्या वर्गात 'श्रमविभागणी' शिकवताना हे उदाहरण द्यायला हवे. मला कुणी दिले नाही.

१८९८ मध्ये कायद्याने मुंबई सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. आपण ज्यांना आजही 'बी.आय.टी. चाळी' म्हणतो त्या यानेच बांधल्या : आग्रीपाडा, नागपाडा, चंदनवाडी, परळची पोयबावडी. विश्वस्त मंडळात सरकारचे लोक, पालिकेचे लोक, पोर्ट ट्रस्ट, व्यापारी मंडळ, गिरणीमालक. ज्यांची घरे पाडायची त्यांचा एकही नाही. ट्रस्टने सँडहर्स्ट रोड आणि प्रिन्सेस स्ट्रीट काढले, कारण समुद्राचे वारे दाट वस्तीतून खेळले पाहिजे असा त्या काळचा आरोग्यविचार होता. विचार वाईट नव्हता. पण पहिल्या काही वर्षांत ट्रस्टने बांधल्यापेक्षा जास्त खोल्या पाडल्या. उठवलेली माणसे शेजारच्या चाळीत शिरली, तिथली गर्दी वाढली, भाडे चढले. म्हणजे 'सुधारणा' झाली ती रस्त्याची, आणि दाटी फक्त एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत सरकली.

तरी ट्रस्टची एक गोष्ट मी मान्य करतो. त्याचे अध्यक्ष जे. पी. ऑर उजेडाच्या मागे लागले होते. दोन इमारतींमध्ये किती जागा सोडावी, तळमजल्याच्या खिडकीतून आकाशाचा किती तुकडा दिसावा, याचे मोजमाप त्यांनी केले. त्यावरून साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम आला. हा आकडा ध्यानात ठेवा. शंभर वर्षांनंतर तो पुन्हा लागणार आहे, आणि तेव्हा आपल्याला शरम वाटणार आहे.

आता बाबासाहेबांकडे येऊ. परळच्या पोयबावडीतल्या बी.आय.टी. चाळ क्रमांक १ मध्ये, दुसऱ्या मजल्यावर, ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्या. आपल्यातले पुष्कळ जण तिथे जाऊन नतमस्तक होऊन आले असतील. साधारण १९१२ पासून १९३४ पर्यंत, परदेशातली वर्षे सोडली तर, बाबासाहेबांचे बिऱ्हाड इथेच. मूकनायक, बहिष्कृत हितकारिणी सभा, महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषद, हे सगळे या दोन खोल्यांच्या काळातले. आपण हे गरिबीचे उदाहरण म्हणून सांगतो. मला त्यात दुसरेही काही दिसते.

१९१७ साल आठवा. कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून आलेले बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. त्या अख्ख्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. हिंदू मित्राने जागा दिली नाही, ख्रिश्चन मित्रानेही दिली नाही. ते परत कुठे आले? परळला, ट्रस्टच्या चाळीत. बडोद्यात घर मालकाचे होते आणि मालकाला जात होती. परळमध्ये घर एका सार्वजनिक संस्थेचे होते. ट्रस्टच्या कारकुनाला जात नव्हती असा माझा अजिबात दावा नाही. पण भाडे भरणाऱ्याला पावती द्यायची ही त्याच्या नोकरीची अट होती. खासगी मालक "आमच्याकडे तुमच्या लोकांना देत नाही" म्हणू शकत होता, आजही म्हणतो, फक्त आता तो "फक्त शाकाहारी" म्हणतो. सार्वजनिक मालकीच्या घराला निदान उघडपणे असे म्हणता येत नव्हते. सरकारी-पालिकेच्या जमिनीवरची घरे खासगी विकासकाच्या हाती देण्याला मी विरोध करतो तो या अनुभवावरून. आपल्या माणसाला मुंबईत पाय ठेवायला जी पहिली फट सापडली ती सार्वजनिक मालकीची होती.

आणि राजगृह? दादरची हिंदू कॉलनी ही त्याच ट्रस्टच्या दादर-माटुंगा योजनेतली वसाहत. म्हणजे बाबासाहेबांची मुंबईतली ही दोन्ही घरे एकाच ट्रस्टच्या नकाशावर होती. एका टोकाला मजुरांची चाळ, दुसऱ्या टोकाला मध्यमवर्गाचे प्लॉट. यांच्यामधले अंतर चालत अर्ध्या-पाऊण तासाचे. बाबासाहेबांना ते पार करायला जवळजवळ दोन दशके आणि जगातल्या मोठ्या पदव्या लागल्या. बाकीच्यांचे काय, हे तुम्हीच ठरवा.

ट्रस्टचा कारभार १९३३ मध्ये महापालिकेत विलीन झाला. महापालिका निवडलेली होती, म्हणजे लोकशाही आली असे वाटेल. जरा थांबा. १९२२ मध्ये पालिकेच्या मतदानाचा हक्क पहिल्यांदा भाडेकरूंना मिळाला, पण कोणत्या? महिना दहा रुपये किंवा त्याहून जास्त भाडे भरणाऱ्यांना. चाळीच्या एका खोलीत दोन-तीन कुटुंबे मिळून राहणाऱ्या मजुराला दहा रुपये भाडे म्हणजे काय, हे सांगायला नको. जो शहर झाडतो त्याला शहराचा नगरसेवक निवडता येत नाही, कारण त्याची खोली स्वस्त आहे! प्रौढ मतदानावर मुंबई महापालिकेची पहिली निवडणूक झाली ती १९४८ मध्ये. तोपर्यंत भाड्याची पावती हाच नागरिकत्वाचा दाखला होता. आणि कुणाला वाटत असेल की हे जुने झाले, तर ७ मार्च २०२२ ला पालिकेची मुदत संपली तेव्हापासून साडेतीन वर्षांहून अधिक काळ या शहरात नगरसेवकच नव्हते. सगळा कारभार प्रशासकाचा. गटार तुंबले तर कुणाकडे जायचे हे मलबार हिलच्या माणसाला माहीत असते. त्याचा फोन लागतो. आमच्या बैंगणवाडीच्या माणसाकडे नगरसेवक हा एकच फोन होता, तोही बंद झाला.

पुन्हा मागे जाऊ. १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढले. बी.डी.डी. हे त्याचेच नाव. संकल्प पन्नास हजार खोल्यांचा. पैसा उभारायला शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गाठीमागे एक रुपया कर. प्रत्यक्षात २०७ चाळी बांधून झाल्या : वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२, शिवडीला १२. तळमजला अधिक तीन मजले, एका इमारतीत ऐंशी खोल्या, खोली १६० चौरस फूट, संडास सामाईक. एकूण साडेसोळा हजारांच्या आसपास खोल्या. सिमेंट काँक्रीटचे हे कोंदट डबे इतके महाग आणि गैरसोयीचे होते की सुरुवातीला मजुरांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. वरळीच्या कित्येक चाळी रिकाम्या राहिल्या. सविनय कायदेभंगाच्या काळात सरकारने त्यातल्या काही चाळींचा तात्पुरता तुरुंग केला. वेगळी डागडुजी फारशी करावी लागली नसणार.

पुढे या चाळी भरल्या. कोकणातून, घाटावरून आलेले गिरणी कामगार, पोलीस, गोदी कामगार, आणि आपली माणसे. गिरणीतही आपल्याला विणखात्यात प्रवेश नव्हता. तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो, तो बाटेल म्हणून. विणखात्यात पगार जास्त. म्हणजे जातीमुळे पगार कमी, पगार कमी म्हणून भाड्याची ऐपत कमी, ऐपत कमी म्हणून पालिकेत मत नाही. १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. माझ्या मते त्याचा सगळ्यात सोपा पुरावा भाड्याच्या पावतीत आहे. कम्युनिस्ट मित्रांना फक्त दुसरा शत्रू दिसतो आणि आपल्यातल्या काहींना फक्त पहिला. पावतीवर दोघांच्या सह्या आहेत.

एकाच डिझाईनच्या चाळी, एकच भाडे, एकच नळ. तरी जात सिमेंटमध्ये विरघळली नाही. कोणत्या इमारतीत कोण राहते हे सगळ्यांना ठाऊक असे. ५ जानेवारी १९७४ ला वरळीच्या आंबेडकर मैदानावर दलित पँथरची सभा झाली. मध्य-दक्षिण मुंबईची लोकसभेची पोटनिवडणूक होती, पँथरने बहिष्कार पुकारला होता. सभेवर दगड आले आणि दंगल पेटली. १० जानेवारीच्या मोर्चावर इमारतीवरून टाकलेल्या दगडाने पँथर भागवत जाधव शहीद झाले. वरळी-नायगाव महिनोन्‌महिने धुमसत राहिले. सरकारला भस्मे आयोग नेमावा लागला. त्या दंगलीत चाळीची गच्ची हे शस्त्र झाले होते. ज्यांनी ते दिवस पाहिले त्या आजोबांकडून मी ऐकले आहे की पोरे खाली पाणी भरायला जाताना आधी वर बघत. घर असून माणूस सुरक्षित नाही, ही गोष्ट गृहनिर्माणाच्या कोणत्याच धोरणात लिहिलेली नसते.

आता जरा सफाई कामगारांच्या क्वार्टर्सबद्दल. या विषयावर आपल्या चळवळीत पुरेशी चर्चा होत नाही असे मला वाटते, कारण तिथे नोकरी, घर आणि जात एकमेकांत अशी अडकलेली आहेत की बोलायला गेले की कुणाच्या तरी पोटावर पाय येतो. बाबासाहेबांनी तीसच्या दशकात म्युनिसिपल कामगार संघ उभा केला तेव्हापासून राहण्याची जागा ही या कामगारांची मागणी आहे. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ मध्ये वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सफाई कामगारांच्या राहणीमानाची चौकशी करायला समिती नेमली. समित्या येत राहिल्या. क्वार्टर्स मिळाल्या त्या थोड्यांना, आणि ज्यांना मिळाल्या त्यांना एका अटीवर : हातात झाडू आहे तोवर घर. निवृत्त झालात की खोली रिकामी करा.

या अटीचा परिणाम बघा. बाप अठ्ठावन्न वर्षांचा होतो. पोरगा बारावी झालाय, कॉलेजला जायचे म्हणतो. खोली सोडली तर कुटुंब कुठे जाणार, मुंब्र्याच्या पुढे? लाड समितीच्या शिफारशीमुळे वारसाला नोकरी मिळते. मग पोरगा झाडू हातात घेतो, खोली वाचते. बाहेरचे लोक म्हणतात, पालिकेची नोकरी आहे, मजा आहे. पण हे वतनच आहे. महारवतन नष्ट व्हावे म्हणून बाबासाहेब तीस वर्षे झगडले ते याच कारणासाठी : तुटपुंज्या जमिनीच्या लोभाने माणूस हलक्या कामाला पिढ्यान्‌पिढ्या बांधला जातो. इथे जमिनीच्या जागी एक खोली आहे, एवढाच फरक. मी वारसा हक्काच्या नोकरीच्या विरोधात नाही; ती काढून घ्या म्हणणाऱ्यांचा डाव मला कळतो. माझे म्हणणे एवढेच की घर झाडूपासून सोडवा. पंचवीस वर्षे सेवा झालेल्या सफाई कामगाराला मालकीचे घर देण्याची डॉ. बाबासाहेब आंबेडकर श्रमसाफल्य योजना कागदावर आहे. तिच्यासाठी लढलो तर ते पोरगं कॉलेजला जाईल. पालिका मात्र 'आश्रय योजना' म्हणून जुन्या वसाहती पाडून टॉवर बांधते आहे, आणि त्यातले घर पुन्हा सेवा निवासस्थानच. मजले वाढले, अट तीच.

कंत्राटी कामगाराला तर एवढेही नाही. पालिकेच्या दत्तक वस्ती योजनेत झाडणाऱ्याला 'स्वयंसेवक' म्हणतात. कचरा उचलणाऱ्या २,७०० कंत्राटी कामगारांना कायम करा असे सर्वोच्च न्यायालयाला २०१७ मध्ये सांगावे लागले, तेही वर्षानुवर्षे खटला चालल्यावर. ज्याला कामगार म्हणून कागद नाही त्याला घराचा कागद कोण देणार?

तो मग झोपडीत राहतो. आणि इथून पावतीचा इतिहास संपून फोटोपासचा सुरू होतो. १९७१ मध्ये महाराष्ट्र झोपडपट्टी कायदा झाला. ४ जानेवारी १९७६ ला, आणीबाणीत, एका दिवसात झोपड्यांची गणना झाली आणि सरकारी जमिनीवरच्या कुटुंबांना कुटुंबाचा फोटो लावलेला पास मिळाला. दर महिन्याला नुकसानभरपाई म्हणून रक्कम भरायची. शब्द लक्षात घ्या. भाडे नव्हे, नुकसानभरपाई. आपण तिथे राहतो हे शासनाचे 'नुकसान' आहे. आणि त्या पासाची किंमत किती? चारच महिन्यांत, मे १९७६ मध्ये, अणुशक्तीनगरलगतची जनता कॉलनी उठवली. सुमारे सत्तर हजार लोक. गंमत अशी की त्यांना तिथे आधी पालिकेनेच आणून बसवले होते. ते गेले ट्रॉम्बेच्या दलदलीत. आजचा चिता कॅम्प तो.

१९८१ च्या भर पावसात अंतुले सरकारने फुटपाथवरच्या लोकांना बसमध्ये कोंबून शहराबाहेर सोडायला सुरुवात केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ऑल्गा टेलिस खटल्याचा निकाल १० जुलै १९८५ चा. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हे घटनापीठाने मान्य केले, म्हणून आपण हा निकाल अभिमानाने सांगतो. पण निकालाचा शेवटही वाचा. हटवायला परवानगी दिलीच, फक्त पावसाळ्यानंतर. पर्यायी जागा कुणाला? ज्यांच्याकडे १९७६ च्या गणनेचा पुरावा आहे त्यांना. कलम २१ सगळ्यांचे, पण छप्पर कागदवाल्यांचे. हे सूत्र तेव्हापासून आजपर्यंत बदललेले नाही, फक्त तारीख पुढे सरकते. १९९५ मध्ये फुकट घराची घोषणा झाली आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आले. तारीख १ जानेवारी १९९५. मग १ जानेवारी २०००. २०११ पर्यंतच्यांना अडीच लाख रुपये भरून घर. तारखांमागे निवडणुका असतात हे शेंबडे पोरही सांगेल. आणि माळ्यावर राहणारा? लग्न झालेला मुलगा बापाच्या झोपडीवर पत्रा टाकून दहा वर्षे संसार करतो, त्याचा अनुक्रमांकच नसतो.

फुकट हा शब्दही तपासून घ्या. जमीन सार्वजनिक. त्यावरच्या वस्तीला एका कोपऱ्यात उभे रचायचे आणि मोकळी झालेली जागा विकासकाने बाजारभावाने विकायची. या व्यवहारात देणारा कोण आणि घेणारा कोण? आपण वर्षानुवर्षे दलदल भरून, भराव टाकून, गटारे खणून जी जमीन राहण्यालायक केली तिची किंमत आपल्याला २२५, मग २६९, मग ३०० चौरस फुटांत मिळते. आणि वर उपकार.

आता तो साडेत्रेसष्ट अंशांचा कोन. मानखुर्दचे लल्लूभाई कंपाउंड, गोवंडीचे नटवर पारेख कंपाउंड. रस्ते आणि रेल्वेच्या प्रकल्पांत उठवलेल्या लोकांसाठी बांधलेल्या वसाहती. दोन इमारतींमध्ये अंतर तीन मीटर. खालच्या मजल्यांवर दुपारी बारा वाजता दिवा लावून पोरे अभ्यास करतात. डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने केलेल्या अभ्यासात या वसाहतींतली क्षयरोगाची लागण आणि घरात न पोहोचणारा उजेड-वारा यांचा संबंध दिसून आला. खालच्या मजल्यांची स्थिती अधिक वाईट. १८९६ मध्ये प्लेगच्या भीतीने ज्यांनी कौले उतरवून उजेड आत सोडला, त्यांच्या वारसांनी शंभर वर्षांनी नियम सैल करून उजेड बाहेर ठेवला. तेव्हा साथ श्रीमंतांच्या गल्लीत पोहोचत होती म्हणून कोन मोजला गेला. क्षय आमच्याच मजल्यावर थांबतो, म्हणून मोजायची गरज पडली नाही. कुणाला हे कडवट वाटेल. मी त्या जिन्यांवरून औषधे पोहोचवतो, मला गोड लिहिता येत नाही.

बी.डी.डी.च्या रहिवाशांनी मात्र वेगळी गोष्ट करून दाखवली. तिथे म्हाडामार्फत पुनर्विकास होतो आहे, घर ५०० चौरस फुटांचे, मालकीचे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांतून ५००. हे त्यांना कुणी दिले नाही. संघटना टिकल्या, सह्या करायला ते घाबरले नाहीत, कोर्टात गेले, सभा घेतल्या. पण दोन गोष्टी मला खटकतात. ज्या वसाहतींनी पँथर पाहिला, गिरणी कामगारांचे लढे पाहिले, त्यांना सरकारने नावे दिली ती बाळासाहेब ठाकरे, राजीव गांधी आणि शरद पवार यांची. तीन पक्ष, तीन वाटण्या. आणि दुसरे म्हणजे टॉवरचा देखभाल खर्च. मोफत देखभालीची वर्षे संपल्यावर लिफ्ट, पंप, सुरक्षारक्षक यांचे महिन्याचे बिल निवृत्त कामगाराच्या पेन्शनमधून भरायचे आहे. आता घर विकून डोंबिवलीला जायला कुणी धमकावणार नाही, बिलच घालवेल.

घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरातही पुनर्वसन सुरू आहे, सतरा हजारांच्या आसपास झोपड्या. ११ जुलै १९९७ ला बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेविरुद्ध रस्त्यावर आलेल्या दहा जणांचे पोलीस गोळीबारात रक्त सांडले ते हेच नगर. पूर्व मुक्त मार्ग लांबवायचा आहे म्हणून आता वस्ती हलते आहे. तिथल्या तरुणांना मी सांगतो की शहिदांचे स्मारक नकाशात कुठे दाखवले आहे ते आधी बघा, मग आपली खोली बघा. आणि यादीतला अपात्र शेजारी विसरू नका. हे बोलायला लागते, कारण आपल्यातही पात्र झालेला माणूस दुसऱ्या दिवसापासून सोसायटीच्या बैठकीत वेगळ्या खुर्चीवर बसायला लागतो. चीफ प्रमोटर आपलाच, गळ्यात निळा पंचा, आणि खिशात विकासकाची यादी, असे नमुने मी एकाहून जास्त पाहिले आहेत.

मावशींचे काय झाले ते सांगतो. दुसऱ्या दिवशी त्या पत्र्याची पेटी घेऊन विहारात आल्या. आम्ही चार जण जमिनीवर बसून कागद लावत होतो. सासूचा फोटोपास, त्यात मागे उभी असलेली नवी सून. चेहरा पुसट, पण नाकाची ठेवण तीच. नुकसानभरपाईच्या पावत्या, सुतळीने बांधलेल्या. मुलाचा पालिका शाळेचा दाखला, पत्त्यासह, १९९३ चा. नवऱ्याचा मृत्यूचा दाखला. एक बी.सी.जी. लसीचे कार्ड. ज्या कार्यालयाने त्यांना अपात्र ठरवले त्याने यातला एकच कागद पाहिला होता, कारण सर्वेक्षणाच्या दिवशी त्या कामावर होत्या. कुठे? दुसऱ्या विभागात, रस्ता झाडायला.

हरकत दाखल केली आहे. सुनावणी येत्या मंगळवारी सकाळी अकराला. त्याच दिवशी आणखी तेवीस नावे आहेत, त्यातली अकरा विधवा बायांची. ज्यांना येता येईल त्यांनी दहापर्यंत विहाराजवळ यावे, येताना झेरॉक्ससाठी सुट्टे पैसे आणि एक पेन आणावे. वकील भाऊ थेट कार्यालयात भेटतील.

जयभीम.